विरलं, उसवलं की फाटलं?

घरातला एखादा जुना सुती सदरा उजेडासमोर धरून बघा. कोपराजवळ कापड पातळ झालेलं दिसेल, पण भोक नसेल. अशा कापडाला आपण 'फाटलं' म्हणत नाही, 'विरलं' म्हणतो. कापडाची झीज हा माझ्या संशोधनाचा विषय. तिचे जे प्रकार आम्ही यंत्रावर वेगळे करतो, ते मराठीने शब्दांत आधीच वेगळे केलेत.

सुती धागा म्हणजे साधारण अडीच-तीन सेंटिमीटर लांबीचे तंतू, पीळ आणि घर्षण यांच्या जोरावर एकत्र राहिलेले. कापड घासलं की हे तंतू तुटून निसटत जातात. वीण जागेवर असते, पण धागा बारीक होतो. म्हणून ढग विरतो तसं कापड विरतं. 'उसवलं' म्हणजे शिवणीचा दोरा सुटला, कापड धड आहे. 'फाटलं' म्हणजे विणीतले धागेच तुटले. 'विटलं' म्हणजे फक्त रंग गेला.

गंमत म्हणजे प्रत्येक शब्दात त्यावरचा इलाज आहे. उसवलं तर टाका घाला. फाटलं तर रफू (हा शब्द फारसीतून आलेला) नाहीतर ठिगळ. विरलेल्या कापडात मात्र टाका टिकत नाही. मग त्याचे थर एकावर एक ठेवून धावदोरा घालायचा, की ताण सगळ्या थरांत वाटला जातो.

1877 साली पहिली कापडगिरणी सुरू झालेल्या आपल्या सोलापुरात या थरांना तीन नावं आहेत: मराठी घरात वाकळ, कन्नड घरात कौदी, तेलुगू विणकरांच्या घरात बोंत. भवानी पेठेतल्या एका गल्लीत तिन्ही ऐकायला मिळतात. त्यातूनही उरलेल्या चिंध्यांना पूर्वी मोल होतं, कारण दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणी त्यांचा लगदा करून हातकागद बनायचा.

मग पॉलिस्टर आलं. त्याचा तंतू इतका चिवट, की घासून बाहेर आला तरी तुटून पडत नाही, गोळा होऊन कापडालाच लटकतो. असं कापड सुतासारखं विरत नाही. साहजिकच 'विरलं' हा शब्द कमी लागतो, आणि सगळ्याला मिळून आपण एकच म्हणतो: 'खराब झालं'. अडचण अशी, की 'खराब'वर इलाज एकच, टाकून देणं.

म्हणून पुढच्या वेळी कपडा टाकण्याआधी एवढं ठरवा, की नक्की काय झालंय. उसवलं असेल, तर दहा मिनिटांचं काम आहे.