केंद्र, वाहिनी आणि उपनगरातील तार

अमेरिकेत एकच कार्यक्रम गावोगावच्या दूरचित्रवाणी केंद्रांना विकण्याची प्रथा आहे. तो केव्हा दाखवावयाचा हे स्थानिक केंद्र ठरविते. मुंबईत हा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न तंत्राइतकाच भाषेचाही आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले ते दूरदर्शनचे ‘मुंबई केंद्र’. स्थळ नावातच होते. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा हिंदी-इंग्रजी राष्ट्रीय कार्यक्रम सर्व केंद्रांवरून दाखविला जाऊ लागला, आणि रात्रीची ती मोक्याची वेळ मराठीच्या हातून गेली.

पुढील दशकात घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथे केबलवाला अवतरला. गच्च्यांवरून तार ओढून तो वाहिन्या पोहोचवी; स्वतःच्या वाहिनीवर चित्रपटही लावी. खरा स्थानिक प्रसारक तोच, असे मला वाटते. परंतु त्याच्या जुन्या तारेत एकेका वाहिनीस सुमारे ७ मेगाहर्ट्झची जागा लागे, आणि पडद्यावर ५७६ रेषाच उमटत. १०८० रेषांचे एचडी चित्र त्याच जागेत बसवावयाचे, तर ते अंकरूपात आकुंचित करून पाठवावे लागते व घरी सेट-टॉप बॉक्स लागतो. मुंबईत जुन्या पद्धतीस ३१ ऑक्टोबर २०१२ ही अखेरची मुदत होती. २०१६ मध्ये प्रमुख मराठी वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या निघाल्या.

चित्र स्वच्छ झाले खरे. तथापि अंधेरीत आणि नांदेडात एकच मालिका एकाच क्षणी दिसते, आणि वेळापत्रकात स्थानिकाचा हात उरलेला नाही. प्रेक्षकाच्या बोलण्यात ‘केंद्र’ आता क्वचितच येते. ‘केबलवाला’ हा शब्द मात्र उपनगरात अद्याप टिकून आहे.