झाडीपट्टीचे वाद्य आणि त्याची कळ

मराठी रंगभूमीच्या इतिहासकारांनी नाटककार मोजले, गायक नट मोजले, साथीदारांचीही नावे नोंदविली. परंतु बिघडलेले वाद्य प्रयोगाआधी बोलते करणारा कारागीर त्यांच्या पानांवर क्वचितच भेटतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडील झाडीपट्टीच्या संदर्भात ही उणीव आम्हांस विशेष जाणवते. धानाची कापणी आटोपली की तेथे रात्र-रात्र नाटके रंगतात. वडसा हे त्या व्यवसायाचे मुख्य ठाणे. २०२३ साली परशुराम खुणे यांस पद्मश्री लाभली, तेव्हा शहरी वाचकांस या रंगभूमीची ओळख झाली. वस्तुतः तिला कोणाच्या ओळखीवाचून काही अडले नव्हते.

तेथील साथीत ऑर्गन दीर्घकाळ नांदला. त्याचे दुखणे उघड्यावरचे असे. झाकण काढावे, मुकी झालेली पितळी पत्ती हेरावी, पातळ पात्याने तिच्याखालचा कण काढावा. सूर उतरला असेल तर पत्तीचे टोक किंचित घासावे, चढला असेल तर मुळाशी खरवडावे. ज्यास कान होता त्यास ही विद्या पाहून-पाहून साधे.

पुढे विजेची वाद्ये आली. कॅसिओचा पहिला की-बोर्ड १९८० सालचा. यामाहाचा डीएक्स-७ १९८३ सालचा. गडचिरोली जिल्हाही २६ ऑगस्ट १९८२ चा, म्हणजे जुने म्हणून मिरविणारे हे सिंथेसायझर आणि हा जिल्हा जवळजवळ एका वयाचे! डीएक्स-७ च्या फळीवर ३२ आवाजांस ३२ बटणे होती. बासरी संपवून सनई हवी, तर कळ दाबावयाची. ती कळ मुकी झाली की पट्ट्या धडधाकट असूनही वादक पांगळा. पद सुरू होते आणि वाद्य मागल्याच प्रवेशातला आवाज काढीत राहते.

त्या काळच्या पुष्कळ वाद्यांत बटणाखाली धातूची इवलीशी घुमटी असते. ती दबली की दोन टोके जुळतात. दमट पावसाळा आणि खळ्याची धूळ यांनी त्या धातूवर काळसर थर बसतो. मग तीनदा दाबावे तेव्हा एकदा लागते, किंवा एकदा दाबता दोनदा लागते. काचकागदाने घासण्याचा मोह घातक होय. वरचा चांदीचा मुलामा जातो आणि चार दिवसांनी दुखणे दुप्पट होते. तेलाचा फवाराही धूळच गोळा करतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने एखादे बटण काही काळ सुधारते. खरा उपाय म्हणजे डाख वितळवून जुने काढावे व त्याच मापाचे, त्याच उंचीचे नवे बसवावे. मात्र एका रांगेतील सर्वच बटणे एकदम मुकी झाली, तर दोष बटणांचा नव्हे. ती आडव्या-उभ्या तारांच्या जाळ्यात गुंफलेली असतात. तुटलेली वाट आधी शोधावी.

आणि खोलण्यापूर्वी आणखी एक. अशा वाद्यांत वादकाने वर्षानुवर्षे जुळविलेले आवाज एका लहानशा बॅटरीच्या आधारावर टिकलेले असतात. ती निघाली की ते गेले. ऑर्गनची पत्ती पुन्हा घडविता येई. हे आवाज कोणी कागदावर टिपलेले नसतात. डीएक्स-७ ला काढता-घालता येणारे कार्ट्रिज होते. कारागिराने प्रथम त्यात ते उतरवून घ्यावेत, मगच स्क्रूस हात लावावा.