गेस्ट मेमएफडी
गेस्ट मेमएफडी ही लिनक्स कर्नेलच्या केव्हीएम या आभासीकरण प्रणालीतील सुविधा आहे. आभासी संगणकाची खासगी मेमरी यजमान संगणकावरील प्रोग्रॅमच्या आवाक्याबाहेर ठेवण्यासाठी ती वापरतात. मार्च २०२४ मधील लिनक्स ६.८ या आवृत्तीत तिचा समावेश झाला.

केव्हीएममध्ये आभासी संगणकाची मेमरी ही त्याला चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, उदाहरणार्थ क्यूईएमयूच्या, मेमरीचाच भाग असे. घर भाड्याने देऊन किल्ली मालकाने स्वतःजवळ ठेवावी, तसा हा प्रकार होता. एएमडीच्या एसईव्ही-एसएनपी व इंटेलच्या टीडीएक्स या तंत्रांत प्रोसेसरच ही मेमरी कूटबद्ध करतो. तरीही टीडीएक्समध्ये यजमान प्रोग्रॅमने तिच्यात चुकून लिहिल्यास यंत्रदोष उद्भवून सारा यजमान संगणक बंद पडू शकतो.

गेस्ट मेमएफडीमध्ये ही मेमरी एका निनावी फाइलच्या रूपात असते. प्रोग्रॅमकडे फाइलचा केवळ क्रमांक असतो. खासगी पाने त्याला स्वतःच्या मेमरीत जोडून घेता येत नाहीत. ती केव्हीएम परस्पर आभासी संगणकाला देते. नेटवर्क वा डिस्कशी देवाणघेवाण करण्याची पाने मात्र सामायिक ठेवावी लागतात.

या संरक्षणाची किंमतही आहे: मूळ स्वरूपात ही पाने डिस्कवर हलवता येत नसत. शिवाय खुद्द कर्नेललाच दूर ठेवणे या सुविधेच्या कक्षेत येत नाही; ते काम प्रोसेसरचे.