'केमिकल लोचा' आला कुठून? सर्पगंधा ते सेरोटोनिन

'लगे रहो मुन्नाभाई' आला २००६ मध्ये, आणि 'केमिकल लोचा' हा शब्द आपल्या धाराशिवातही पारावर पोचला. कुणी गप्प गप्प राहायला लागलं, माणसांत मिसळेनासं झालं, की आपण म्हणतो, "डोक्यातलं केमिकल कमी झालंय." ही कल्पना नेमकी आली कुठून? तिचा एक धागा मुंबईतून जातो.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे वैद्य मंडळी झोपेसाठी, वेडावर पूर्वापार देत. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्लडप्रेशरच्या ५० रुग्णांना ती देऊन पाहिली आणि 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध लिहिला. जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये सिबा या स्विस कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की रेसर्पिनने मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. इकडे डॉक्टर सांगत होते की हे औषध घेणारे काही रुग्ण उदास होतात. दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या: सेरोटोनिन कमी, म्हणजे मन उदास. टाकीत पाणी कमी, इतका सोपा हिशेब.

पण हिशेब जुळेना. डिप्रेशनच्या गोळ्या सेरोटोनिन काही तासांत वाढवतात, माणसाला बरं वाटायला मात्र आठवडे लागतात. असं का?

इथे गोष्ट परत मुंबईत येते. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये डॉ. विदिता वैद्य २००० पासून भावनांमागचं मेंदूचं काम शोधतायत. २०१५ चा भटनागर आणि २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळालाय. त्यांच्या गटाने उंदरांची नवजात पिल्लं पहिले दोन आठवडे रोज तीन तास आईपासून वेगळी ठेवली. पिल्लं मोठी झाली तरी जास्त घाबरट राहिली, आणि मेंदूच्या पुढच्या भागात सेरोटोनिनचा निरोप घेणारे एक प्रकारचे रिसेप्टर वेगळंच वागत होते. त्याच लहान वयात हे रिसेप्टर औषधाने रोखले, तर पुढची भीती टळली. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, मेमरी कमी पडली नव्हती. इन्स्टॉल होतानाच सेटिंग बदललं होतं.

म्हणजे प्रश्न 'केमिकल किती' एवढाच नाही. 'कुठल्या वयात' आणि 'कुणाच्या सोबतीत' हेही तितकंच महत्त्वाचं.

उंदरावरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरं. तरी आपल्या भागात हा प्रश्न टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूरसोबत आपल्या सास्तूरसारखी गावं कोसळली, हजारो माणसं गेली. त्या रात्री कुशीत असलेली लेकरं आज तिशीत आहेत. घरं पुन्हा बांधली, त्यांची मोजदाद झाली. ज्यांची आईच गेली, त्यांना नंतर कुणी जवळ घेतलं, याची मोजदाद अवघड.

तेव्हा यापुढे कुणाला पटकन 'केमिकल लोचा' म्हणण्याआधी थांबा. गोळी लागत असेल तर ती डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावी, त्यात लाज कसली? पण लहान लेकराला वेळेवर मिळालेली कूसही मेंदूच्या रसायनात उतरत असते. भेटू पुढच्या भागात.