मातोश्रींचे वचन आणि विलायतेतले अन्न



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती येतात, ओव्या येतात, सहलींची वर्णने येतात. या वर्षी मला इतिहासावर चार शब्द लिहावयास सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लढाया आणि तह यांवर मी काय लिहिणार? परंतु स्वयंपाकघराच्या दारातून जेवढा इतिहास दिसतो, तेवढा सांगण्याचा प्रयत्न करते. महात्मा गांधी विलायतेत शिकत होते तेव्हा काय जेवत होते, हा माझा विषय. ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवली आहे.

गांधीजी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून बोटीने निघाले, तेव्हा त्यांना एकोणिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. वडील वारलेले, घरी पत्नी कस्तुरबा आणि लहानगा मुलगा. मातोश्री पुतळीबाईंच्या कानावर लोकांनी घातले होते की, तिकडे मुले बिघडतात, मांस खातात, दारूवाचून तिथे कोणाचे चालत नाही. आईचे काळीज ते! शेवटी बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंनी मुलाकडून मद्य, मांस व परस्त्री यांना न शिवण्याची शपथ घेवविली, तेव्हा माउलीने परवानगी दिली. जातीची मंडळी मात्र मानली नाहीत. त्यांनी मुंबईत सभा भरवून मुलाला वाळीत टाकले, आणि जो त्याला मदत करील किंवा बंदरावर पोचवायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरविला.

बोटीवर मुलाचे हाल सुरू झाले. काटे-चमचे धरता येत नव्हते, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याची लाज वाटे. मग खोलीतच बसून बरोबर आणलेली मिठाई आणि फळे खायची. लंडनला उतरल्यावर व्हिक्टोरिया हॉटेलातही तेच. एक पदार्थ आवडला नाही म्हणून दुसरा मागवावा, तर पैसे दोहोंचे द्यावे लागत. बिल झाले ३ पौंड, आणि पोट रिकामेच! खरी भिस्त मुंबईहून आणलेल्या शिदोरीवर. रात्री अंथरुणावर पडले की घर आठवे, आईची माया आठवे आणि डोळ्यांना धार लागे.

पुढे रिचमंडला एका स्नेह्याच्या घरी राहिले. सकाळी ओटची लापशी मिळे, तिने पोट भरे. परंतु दुपारी आणि रात्री पालक, पाव आणि जॅम. भाजी उकडलेली, तिखटमिठाशिवाय. दोन-तीन कापांहून जास्त पाव मागायचा संकोच वाटे, आणि दूधही मिळत नसे. स्नेही रागावून म्हणे की, निरक्षर आईपुढे, इथली परिस्थिती ठाऊक नसताना घेतलेल्या शपथेला किंमत ती काय? मुलगा वाद घालीत नसे. त्याचे उत्तर एकच, शपथ ती शपथ.

नंतर वेस्ट केन्सिंग्टनमध्ये एका विधवा बाईंच्या घरी सोय झाली. त्यांच्या दोन मुली आग्रहाने एखादा जास्तीचा काप वाढीत, तरी भूक राहीच. तेव्हा हा मुलगा रोज दहा-बारा मैल चालून शाकाहारी खाणावळ शोधू लागला. एक दिवस फॅरिंग्डन रस्त्यावर ती सापडली! लहान मुलाला मनाजोगते खेळणे मिळावे तसा आनंद झाला. दारातच शाकाहारावरची पुस्तके मांडलेली होती. त्यांतले सॉल्ट यांचे पुस्तक एका शिलिंगास घेऊन ते आत गेले, आणि विलायतेत पाऊल ठेवल्यापासून प्रथमच पोटभर जेवले. ते जेवण इंग्लंडचेच होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मध्यंतरी साहेबी पोशाख, नाचाचे आणि व्हायोलिनचे धडे असाही तीनेक महिन्यांचा नाद झाला. असो. तो ओसरल्यावर त्यांनी पैपैचा हिशेब ठेवून संसारच मांडला म्हणा ना! आठवड्याला ८ शिलिंग भाड्याची एक खोली आणि एक स्टोव्ह. सकाळी ओटची लापशी व कोको घरीच करायचा, दुपारी बाहेर जेवायचे, रात्री पाव आणि कोको. जेवणाचा खर्च दिवसाला सवा शिलिंग. घरून मागविलेली मिठाई आणि मसाले त्यांनी बंद केले. रिचमंडला घशाखाली न उतरणारा तोच उकडलेला पालक आता रुचू लागला. चवीचे खरे ठिकाण जीभ नसून मन आहे, असे ते यावरून लिहितात. ज्या बाईने सासरी येऊन नव्या हाताचे कालवण गोड करून घेतले आहे, तिला हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही.

बॅरिस्टर होण्याची रीतही मोठी गमतीची. परीक्षेखेरीज ठराविक जेवणांना हजर राहावे लागे, अशी बारा सत्रे पुरी करायची. चौघांच्या पंक्तीला दारूच्या दोन बाटल्या मिळत. हा चौथा गडी पिणारा नव्हे, म्हणून प्रत्येक टोळके त्याला आपल्यात ओढी! त्यांच्या पानात मात्र पाव, उकडलेला बटाटा आणि कोबी. पुढे धीर करून त्यांनी व एका पारशी विद्यार्थ्याने शाकाहारी जेवणासाठी अर्ज केला, आणि वरिष्ठांच्या टेबलावरची फळे व भाज्या दोघांना मिळू लागल्या.

मला सर्वांत भिडली ती अंड्यांची गोष्ट. मांस कशाला म्हणावे याचे तिकडे तीन अर्थ होते, आणि त्यांतल्या दोहोंत अंडे चालत असे. थोडे दिवस त्यांनी अंडी खाल्लीही. मग मनात आले की, शपथ आईपुढे घेतली, तेव्हा आई ज्याला मांस म्हणते तोच अर्थ खरा. तिच्या अर्थाने अंडे वर्ज्यच. त्यांनी ते सोडले. अनेक पुडिंगांत आणि केकांत अंडे असते, तेव्हा वाढणाऱ्याला विचारून विचारून जेवावे लागे. पण ते त्यांनी पाळले. विद्वानांची व्याख्या बाजूला राहिली आणि घरात बसलेल्या आईचा शब्द विलायतेत प्रमाण ठरला!

१० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले आणि १२ तारखेला बोटीत बसले. आईला कधी भेटतो असे त्यांना झाले होते. मुंबईस उतरल्यावर कळले की आई आधीच गेली. परदेशी मुलाला धक्का बसू नये म्हणून थोरल्या भावाने ते कळविले नव्हते. वचन पाळले हे सांगावे कोणाला? पुढे जातीच्या समाधानासाठी भावाने त्यांना आपल्या नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडविले. समुद्र ओलांडल्याचा दोष त्या पाण्याने गेला म्हणतात. परंतु माउलीच्या वचनाला विलायतेत डाग लागलाच नव्हता.

हल्ली आपल्या गल्लीतलीही मुले परदेशी शिकायला जातात. माझ्या जावेचा मुलगा जर्मनीला निघाला तेव्हा आम्ही दोघींनी मिळून मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी भरून दिली. ती देऊ नये असे मी म्हणणार नाही. पहिल्या रात्री घराचा वास हवाच. परंतु डबा महिन्यात संपतो. पुढची वर्षे त्या गावचा पाव, तिथली भाजी आणि तिथली माणसे यांच्यावर काढावयाची असतात. बरोबर नेलेली शिदोरी संपली; आईला दिलेले वचन तीन वर्षे पुरले. त्या वचनाच्या आत राहून मुलाने परक्या देशाचे अन्न आपलेसे केले.

आपणही मुलांना डब्याबरोबर काय पाळायचे ते सांगावे, आणि बाकीचे तिथले आनंदाने खा असेही सांगावे. चूल कशी पेटवायची हे मुलगे-मुली दोघांनाही शिकवून पाठवावे, एवढेच माझे मागणे आहे.