औषधाचा कागद वेगळा, गटाचा कागद वेगळा

भारताकडून १२ कसोटी सामने खेळलेले संजय बांगर मूळचे बीडचे, म्हणजे आपल्या भागातलेच म्हणायचे. त्यांची मुलगी अनाया हिने आपण पारलिंगी स्त्री आहोत आणि हार्मोनचे उपचार घेतले आहेत, हे २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलं. मुलींच्या क्रिकेटमध्ये खेळू द्या, अशी तिची मागणी आहे. तेव्हापासून करमाळ्यात टपरीवर, तालमीत, भरतीच्या ग्राउंडवर मी एक वाक्य बऱ्याचदा ऐकलं : "हार्मोन घेतात म्हणजे डोपिंगच की राव!"

हे वाक्य बरोबर नाही. पण ते पूर्ण बिनबुडाचंही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी दोन नावं. 'वाडा' म्हणजे पाटलांचा वाडा नव्हे आणि 'नाडा' म्हणजे पायजम्याचा नव्हे. वाडा ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, १९९९ मध्ये स्थापन झाली. तिची नियमावली २००४ पासून लागू आहे. नाडा ही तिच्या नियमांनी चालणारी आपली राष्ट्रीय संस्था, २००५ ची. २०२२ मध्ये संसदेने त्यासाठी वेगळा कायदाही केला.

या नियमांचा पाया एकच : तुमच्या अंगात जे सापडेल त्याला तुम्ही जबाबदार. कुणी दिलं, का दिलं, हे नंतर. आपल्या महाराष्ट्राने हे दोनदा जवळून बघितलंय. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला निघाला होता. स्टेरॉइड सापडलं. माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, असं तो म्हणाला. नाडाने ते मान्य करून सोडलं, पण वाडा क्रीडा लवादात गेली आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी त्याच्यावर ४ वर्षांची बंदी आली. दुसरा पृथ्वी शॉ. २०१९ मध्ये त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं. खोकल्याच्या औषधात असतं ते. मुद्दाम घेतलं नाही, हे क्रिकेट बोर्डाने मान्य केलं, तरी ८ महिन्यांची बंदी आलीच.

मग खरोखर आजारी असलेल्या खेळाडूने करायचं काय? त्यासाठी एक परवानगी आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'टीयूई' म्हणतात. म्हणजे उपचारासाठी बंदी असलेलं औषध घ्यायची सूट. डॉक्टरांची समिती चार गोष्टी बघते. आजार किंवा वैद्यकीय गरज कागदोपत्री सिद्ध आहे का? औषधाने माणूस फक्त नेहमीच्या तब्येतीवर येतो, की त्याहून जादा ताकद मिळते? बिनबंदीचं दुसरं चालेल असं औषध आहे का? आणि पूर्वी चोरून घेतलेल्या उत्तेजकामुळेच ही गरज निर्माण झालेली नाही ना? चारही ठिकाणी खेळाडूची बाजू बसली तर सूट मिळते.

आता पारलिंगी खेळाडूंकडे येऊ. जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झाली, पण पुरुष म्हणून जगतो, त्याला उपचारात टेस्टोस्टेरॉन देतात. हे बंदीच्या यादीत अगदी वरचं नाव. टीयूई नसेल तर सरळ डोपिंग. असेल तर पातळी सर्वसाधारण पुरुषाच्या मर्यादेत ठेवायची, इंजेक्शनच्या तारखा, डोस, रक्ताचे रिपोर्ट जपून ठेवायचे. उलट, जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झाली पण स्त्री म्हणून जगते, तिला इस्ट्रोजेन देतात. ते बंदीच्या यादीत नाहीच! मात्र त्याच्या जोडीला पुष्कळदा स्पायरोनोलॅक्टोन देतात. आपल्याकडे हृदयाच्या नि लिव्हरच्या पेशंटला मेडिकलमध्ये मिळते तीच गोळी. तिच्यावर बंदी आहे, कारण ती लघवी वाढवते. लघवी वाढली की वजन झटपट उतरतं आणि नमुनाही पातळ होतो. वजन तोडणाऱ्या पैलवानांना हे सांगायला नको. म्हणजे इथेही टीयूई लागते, पण ताकद वाढते म्हणून नव्हे.

थोडक्यात, औषधाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. पारलिंगी खेळाडूंच्या अर्जांसाठी वाडाने डॉक्टरांना मार्गदर्शनही लिहून दिलंय. भांडण आहे ते दुसऱ्या कागदाचं : खेळायचं कुठल्या गटात? हे वाडा ठरवत नाही, त्या त्या खेळाची संघटना ठरवते. टीयूई हातात असली तरी मुलींच्या गटाचं दार उघडतंच असं नाही.

या दुसऱ्या कागदाचा इतिहास बघा, किती वेळा फाडून नव्याने लिहिलाय. ऑलिम्पिकमध्ये १९६८ पासून बायकांची लिंगतपासणी सुरू झाली. ती १९९९ मध्ये बंद केली. २००४ मध्ये ऑलिम्पिक समितीने पारलिंगी खेळाडूंना प्रवेश दिला, पण शस्त्रक्रिया हवी आणि त्यानंतर दोन वर्षं गेलेली हवीत. २०१५ मध्ये शस्त्रक्रियेची अट काढली. पारलिंगी स्त्रीचं टेस्टोस्टेरॉन १२ महिने १० नॅनोमोलच्या खाली असावं, एवढंच ठेवलं. आता गंमत अशी, की बायकांच्या रक्तात ते साधारण २ च्या आत असतं आणि पुरुषांचं सुरू होतं ८ च्या आसपास. मग मुली ओरडल्या, त्यांचं काय चुकलं? २०२१ मध्ये समितीने हात झटकले : प्रत्येक संघटनेने आपापलं ठरवावं. २०२२ मध्ये जलतरणाने, मार्च २०२३ मध्ये अॅथलेटिक्सने आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आयसीसीने दार लावलं. पुरुषी वयात येणं ज्यांच्या शरीरात होऊन गेलं, त्यांना आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट बंद, मग शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो. देशांतर्गत क्रिकेटचं मात्र आयसीसीने त्या त्या बोर्डावर सोडलं.

हे दोन कागद किती वेगळे आहेत, ते ओडिशाच्या द्युती चंदकडे बघून कळतं. ती पारलिंगी नाही, हे आधी सांगतो. २०१४ मध्ये तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून काढलं, कारण तिच्या शरीरातच नैसर्गिकरीत्या टेस्टोस्टेरॉन जास्त होतं. तिने काहीही घेतलेलं नव्हतं. ती लवादात लढली आणि २०१५ मध्ये तो नियम स्थगित झाला. पुढे डिसेंबर २०२२ च्या नमुन्यांत तिच्याकडे बंदी असलेली द्रव्यं सापडली आणि ४ वर्षांची बंदी आली. खेळाडू एकच. पहिला प्रश्न गटाचा होता, त्यात तिची चूक नव्हती. दुसरा डोपिंगचा. पण लोकांच्या डोक्यात दोन्हीची भेळ झाली आणि पहिल्या वेळेसही तिला लबाडच म्हटलं गेलं.

हे सगळं करमाळ्यात कशाला, असं विचाराल. सांगतो. आपल्याकडे खेळ म्हणजे नुसती हौस नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर घर उभं राहतं. कोरडवाहू दोन एकरवाल्याची पोर कबड्डीत राज्याला जाते, तेव्हा त्या मेडलमागे अख्खं घर असतं. म्हणून मुलींच्या गटात कोण, हा प्रश्न त्या पोरीच्या भाकरीचा आहे. तिचा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका. आणि पारलिंगी पोराच्या किंवा पोरीच्या भाकरीचाही तोच प्रश्न आहे. डिसेंबर २०२२ मध्ये हायकोर्टाने कान टोचले, तेव्हा कुठे पोलीस भरतीच्या अर्जात त्यांच्यासाठी रकाना आला आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरवायला सरकार तयार झालं. भरतीला रकाना मिळाला. मैदानावर अजून नाही.

माझं मत विचाराल तर, वरच्या पातळीवर मुलींचा गट जपण्यासाठी संघटनांनी कडक नियम केले, यात मला वैर दिसत नाही. पण ऑलिम्पिकसाठी केलेला नियम शाळेच्या खो-खोला जसाच्या तसा लावणं, हे काही पटत नाही. तिथे तालुका क्रीडा अधिकारी, शिक्षक आणि पालकांनी बसून वाट काढावी. यल्लम्माच्या जत्रेत जोगत्यापुढे हात जोडणारा आपला मुलूख. त्याच समाजाचं पोर मैदानात आलं की आपल्याला हसू का येतं?

आणि एक शेवटचं, तालमीतल्या आणि अकॅडमीतल्या पोरांसाठी. हार्मोन म्हटलं की पारलिंगी माणसाकडे बोट करणारी आपली मंडळी, जिममध्ये दंडात टोचलेल्या इंजेक्शनबद्दल मात्र गप्प असतात. डॉक्टरांच्या देखरेखीत, अर्ज करून, रिपोर्ट दाखवून औषध घेणारा डोपर नाही. कागदाशिवाय चोरून टोचून घेणारा आहे, मग तो आपल्या गल्लीतला पैलवान का असेना. दमा, बीपी, थायरॉईड, काहीही असो, औषध सुरू असेल तर डॉक्टरांना "मी खेळाडू आहे" हे आधी सांगा. राष्ट्रीय पातळीवर असाल तर नाडाकडे स्पर्धेच्या ३० दिवस आधी अर्ज करा. त्या पातळीवर नसाल आणि अचानक तपासणी झाली, तर अर्ज नंतरही करता येतो. चिठ्ठ्या आणि बिलं तेवढी फेकू नका.