चेंडू, पैसा आणि आवाज

श्रोतेहो, अमेरिकेतला बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा लांबचा भाऊबंद. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने गोल दांडक्याने टोलवायचा आणि चार टप्पे धावून मूळ जागी आला की एक धाव. या साध्या खेळावर एकदा मोठे बालंट आले, आणि त्याच सुमारास रेडिओने तो खेळ घरोघर नेला. ती हकीकत आज ऐकू या.

१९१९ साली अजिंक्यपदासाठी शिकागोचा व्हाइट सॉक्स आणि सिनसिनाटीचा रेड्स हे संघ भिडले. शिकागोचा संघ तगडा. पण तो ५ विरुद्ध ३ सामन्यांनी हरला. पुढल्या वर्षी चौकशीत उघड झाले, की काही खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे खाल्ले होते. पहिल्याच सामन्यात एडी सिकॉटने समोरच्या फलंदाजाच्या अंगावर चेंडू मारला. सौदा पक्का झाल्याची ती खूण होती म्हणे!

खटला चालला. २ ऑगस्ट १९२१ रोजी आरोपी निर्दोष सुटले. पण दुसऱ्याच दिवशी खेळाचे आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांनी आठही जणांना कायमचे बाहेर काढले. त्यांत बक वीव्हर हा एक होता. त्याने पैसा घेतल्याचे सिद्ध झाले नाही. मैदानावरही तो चांगलाच खेळला. मग त्याचा गुन्हा कोणता? कट त्याच्या कानांवर आला होता आणि तो गप्प बसला. लँडिस यांच्या लेखी तेवढेच पुरे होते. शिक्षा योग्य की जास्त, हा वाद पुढे शंभर वर्षे चालला. शिक्षकबंधूंनी हा प्रश्न वर्गात जरूर घालून पाहावा.

आता गंमत बघा. बंदीनंतर दोनच दिवसांनी, ५ ऑगस्ट १९२१ रोजी, पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरल्ड आर्लिन या तरुणाने बेसबॉलच्या सामन्याचे पहिले धावते वर्णन केले. आता मैदान न पाहताही माणसे सामना अनुभवू लागली. म्हणजेच सारी भिस्त सांगणाऱ्याच्या शब्दावर आली.

काही निवेदक तर मैदानावर जातच नसत. तारेने त्रोटक मजकूर येई आणि ते स्टुडिओत बसून रंग भरीत. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन १९३० च्या दशकात आयोवात हेच काम करीत. एकदा तार तुटली, तेव्हा फलंदाज कितीतरी मिनिटे चेंडू नुसता बाहेर टोलवीत आहे असे आपण सांगत राहिलो, हा किस्सा ते स्वतः रंगवून सांगत.

याउलट विन स्कली. १९५० ते २०१६, तब्बल ६७ हंगाम ते डॉजर्स संघाचे निवेदक होते. लॉस एंजेलिसचे लोक मैदानात बसूनही कानाशी ट्रान्झिस्टर धरीत. डोळ्यांना दिसते ते स्कलींच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांना पटत नसे! १९७४ मध्ये हँक एरन यांनी ७१५ वा होम रन मारून जुना विक्रम मोडला, तेव्हा स्कली काही वेळ बोललेच नाहीत. लोकांचा जल्लोषच त्यांनी श्रोत्यांना ऐकू दिला.

पाहा, वीव्हर गप्प राहिला आणि स्कलीही गप्प राहिले. एकाच्या मौनाने खोटे झाकले, दुसऱ्याच्या मौनाने खरे ऐकू आले. मे २०२५ मध्ये, बंदी मरणाबरोबर संपते असे ठरवून वीव्हर आणि त्याच्या सोबत्यांची नावे बहिष्कृतांच्या यादीतून काढण्यात आली. तोवर त्यांतला एकही हयात नव्हता. गेलेला विश्वास परत मिळायला किती काळ लागतो, ते यावरून समजावे.